पेटीवालं की ढगवालं

“पंकजभाऊ, हे आता लॉगिन कायले मांगून राहिलं?”

दीपालीनं खुर्ची मागं सरकवून स्क्रीनकडे बोट केलं. मी मान वर न करताच म्हणालो, “मांगते तं देऊन टाक ना वो. लॉगिनच मांगून राहिलं, किडनी तं नाई मांगत.”

“पण कालपर्यंत मांगत नव्हतं. आता म्हणते, लॉगिन केल्याबिगर उघडणारच नाई. अन् लॉगिन केलं का माहे सारे प्रश्न त्यायच्या सर्व्हरवर जाऊन बसते. खाली बारीक अक्षरात लिहून आहे.”

बारीक अक्षरात लिहिलेलं वाचणारी आमच्या ऑफिसात ती एकटीच होती. आम्ही बाकीचे तिघं ‘मान्य आहे’वर टिचकी मारून पुढं जाणारे.

ऑफिस म्हणजे पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्याला, बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्या. मालगाडी गेली की टेबलावरचे पेन आपोआप घरंगळायचे. कंपनी नागपूरची आणि मी तिच्या इथल्या शाखेचा प्रमुख, असं मी सोयऱ्याधायऱ्यांत सांगायचो. खरं म्हणजे चार माणसं, पाच कम्प्युटर आणि एक इन्व्हर्टर. काम मात्र झकास होतं. कापसाच्या हंगामात मंडीच्या फाटकावर गाड्यांची रांग लागते आणि आधी कोण आलं यावरून लोक एकमेकांच्या अंगावर जातात. त्यावर आम्ही टोकनचं सॉफ्टवेअर केलं होतं. शेतकऱ्यानं घरूनच फोनवर टोकन घ्यायचं, तारीख आणि नंबर मेसेजमध्ये येतो, त्या नंबरानं गाडी आत.

फोनवर दिसतं ते सॉफ्टवेअरचं तोंड. पोट असतं लांब कुठंतरी सर्व्हरवर. त्या पोटाला थेट प्रश्न विचारायचे, म्हणजे अमुक नंबराचं टोकन आहे का, नवीन एक दे, हे एक रद्द कर, आणि काय उत्तर येतं ते पाहायचं, यासाठी आमच्या धंद्यात एक साधन लागतं. एपीआय क्लायंट म्हणतात त्याला. सुताराला रंधा तसा आम्हाला तो. दीपाली आमची टेस्टर. सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी त्यातल्या चुका धरायच्या, हे तिचं काम. तीन वर्षांत तिनं असे तीनशे चाळीस प्रश्न साठवले होते आणि प्रत्येकाखाली आपल्या भाषेत टीप लिहिली होती. ‘गाडी नंबरात मधे जागा सोडली तर अडते.’ ‘एकाच फोनवरून घाईत दोनदा दाबलं तर दोन टोकन निघतात, लक्ष ठेवणे.’ मी प्रोग्रॅम लिहायचो आणि ती माझ्या चुका धरायची. इतक्या नम्रपणे धरायची की राग यायलाही जागा नसे.

राहायला सावरगावला. जाम नदीच्या पुलावरून सायकलनं यायची. वडील सुखदेव मंडीतच हमाल. बीएस्सी कम्प्युटर पांढुर्ण्याच्याच कॉलेजात केलेलं. नोकरी कंत्राटी, दरवर्षी डिसेंबरात कागद नवा व्हायचा. त्या वर्षी मात्र आमचे नागपूरचे वरिष्ठ गौरव सर, त्यांनी शब्द दिला होता की या डिसेंबरात दीपालीला पक्कं करू. ती बोलून दाखवत नसे, पण सुखदेवभाऊंनी मला चहाच्या टपरीवर थांबवून सांगितलं होतं, “जयभीम सर. पोरीचं पक्कं झालं का तिले पुण्या-नागपूरले जा लागत नाई. तेवढं तुमी पाह्यजा.” मी छाती पुढं काढून म्हणालो होतो, “मी आहो ना.”

तर आमचं जुनं साधन लॉगिनशिवाय चालेना, म्हणून नवीन निवडायचं ठरलं. गौरव म्हणाले, पोळा आणि गोटमारीची जत्रा होऊन जाऊ द्या, मग बसू. दीपालीनं ते पंधरा दिवस वाया घालवले नाहीत. चार साधनं उतरवली, रोज एकेकावर काम केलं आणि वहीत तक्ते आखले. आमच्या चार जीबीच्या कम्प्युटरवर उघडायला किती वेळ लागतो, नेट गेलं तर काय होतं, प्रश्न साठतात कुठं, साठवलेले उद्या बाहेर काढता येतात की तिथंच अडकतात.

चारातली दोन उरली. त्यांची इंग्रजी नावं मोठी झकपक होती, ती सांगत नाही. ऑफिसात आम्ही एकाला ढगवालं म्हणायचो आणि एकाला पेटीवालं. ढगवाल्यात सगळं त्या कंपनीच्या सर्व्हरवर राहायचं. एकानं काही बदललं की सगळ्यांकडे त्याच क्षणी बदलायचं. पेटीवाल्यात प्रत्येक प्रश्न म्हणजे आपल्याच कम्प्युटरवरची एक साधी फाइल. जो प्रोग्रॅम लिहितो त्याच्या फाइलींबरोबरच त्या ठेवायच्या. कोणी काय बदललं, कधी बदललं, हे नावानिशी लिहून राहणार.

“पाह्या भाऊ,” तिनं वही माझ्यापुढं सरकवली, “आपल्या इथं दुपारून नेट जाते तं जातेच. ढगवालं तेव्हा नुसतं गोल फिरते. पेटीवालं चालते. अन् मुख्य मतलब हा का, ज्यानं बदल केला त्याचं नाव राहते. उद्या काही झालं तं भांडण नाई.”

“तुले भांडणाची लयच फिकीर.”

“फाटकावर रोज पाहून राहिली ना बाबा,” ती हसत म्हणाली.

मी वही चाळली. तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि मला ते पटलंही होतं. मी म्हणालो, “पेटीवालंच घेऊ. उद्या गौरवले मी सांगतो. तू निश्चिंत राह्य.”

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल झाला. गौरव माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पाठीमागं काचेची भिंत, कानात पांढरं काहीतरी खुपसलेलं. दीपालीनं आपली वही उघडली. दोन वाक्यं झाली असतील नसतील, गौरव म्हणाले, “दीपाली, बढिया काम केलं. पण यार, इकडे नागपूरला सगळे ढगवालंच वापरतात. फाइली-बिइली जरा जुन्या जमान्याचं वाटतं. पंकजजी, तुमचं मत काय?”

आता इथं माझी काय कथा ती सांगून टाकतो. मी पुण्याला तीन वर्षं काढून परत आलेला माणूस. चौदा वर्षांत पांढुर्ण्याबाहेर मला कोणी विचारलं नाही, आणि पांढुर्ण्यात मला सगळे विचारायचे. अशा माणसाला काचेच्या भिंतीची फार भीती वाटते. ‘जुन्या जमान्याचं’ हा शब्द मला सुईसारखा लागला. दीपाली माझ्याकडे बघत होती. बोलायला मी आहेच, अशी तिची खात्री होती.

“मलाही ढगवालंच बरं वाटतं सर,” मी म्हणालो. “बरोबर चालायला हवं ना जमान्याच्या.”

दीपालीनं वही मिटली. कॉल संपल्यावर मी उगाच खाकरलो. “अगं, वरच्यायचं मन पाह्यनं पडते,” मी म्हणालो. ती म्हणाली, “हाव भाऊ. त्यात काय.” आणि त्याच दुपारपासून तिनं तीनशे चाळीस प्रश्न एकेक करून ढगवाल्यात उचलून ठेवायला सुरुवात केली. आठ दिवस लागले. एकही टीप तिनं गाळली नाही.

एकदाच बोलली, तेही काम करता करता. “भाऊ, याच्यात एक गडबड आहे बरं. तुमी तुमच्या इथं पत्ता बदलला का माह्या इथंही बदलते. अन् कोणी बदलला ते दिसत नाई. ते पाह्याले पैसेवाला प्लॅन लागते.”

पत्ता म्हणजे प्रश्न कोणत्या सर्व्हरला विचारायचे तो पत्ता. आमचे सर्व्हर दोन होते. एक खरा, त्यात शेतकऱ्यांची खरी टोकनं. दुसरा चाचणीचा, त्यात नुसतं खेळायचं. दीपाली रोज सकाळी साडेनऊला चाचणीच्या सर्व्हरवर सगळे प्रश्न एका दमात चालवायची. सुरुवातीला खोटी टोकनं तयार करायची, मधे त्यांना हलवून-झुलवून पाहायचं आणि शेवटचा प्रश्न असायचा: ‘सगळी टोकनं पुसा.’ म्हणजे दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

“आपण चार टाळकी,” मी म्हणालो. “कोण बदलवते इथं पत्ता? भूत?”

दिवाळी झाली. कापूस यायला लागला. पांढुर्णा नुकताच जिल्हा झाला होता, त्यामुळे मंडीत साहेबलोकांची ये-जा वाढली होती आणि आमच्या टोकनचं कौतुकही. एका बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मंडीच्या सचिवांचा फोन आला की एका गाडीचं टोकन दिसत नाही, साहेब समोर बसलेत, ताबडतोब बघा. खऱ्या सर्व्हरला प्रश्न विचारायचा तर वेगळं पान करावं लागतं. दीपालीनं मला दोनदा तसं सांगितलं होतं आणि मी दोनदा ‘करतो’ म्हणालो होतो. त्यासाठी बसायला वेळ कुणाला! मी आपला चाचणीचाच पत्ता खोडला, तिथं खऱ्याचा टाकला, माझ्याजवळची किल्ली, म्हणजे खऱ्या सर्व्हरचा पासवर्ड, टाकली आणि प्रश्न विचारला. टोकन सापडलं. सचिव खूश. साहेबांनी फोनवर मला ‘वा’ म्हटलं. त्या ‘वा’च्या भरात मी कम्प्युटर बंद केला आणि घरी निघालो. पत्ता तसाच राहिला, किल्लीही तशीच.

गुरुवारी साडेनऊला दीपालीनं नेहमीचं बटण दाबलं.

मी दहाला पोचलो तेव्हा ती उभी होती. कम्प्युटरसमोर बसून काम करणारं माणूस उभं दिसलं की काहीतरी बिघडलंय असं समजावं. “भाऊ,” ती म्हणाली, “खऱ्या सर्व्हरवर टोकनं नाईत. एकही नाई.”

बॅकअप आम्ही रविवारचा काढायचो. रविवार ते गुरुवार घेतलेली सहाशे अठरा टोकनं साफ. मी तिच्या स्क्रीनवरचा पत्ता पाहिला. काल मीच टाकलेला होता. आत्ता बोल, असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात मंडीचा फोन वाजला, मग दुसरा वाजला, मग गौरवचा. फोन घेत बसलो आणि बोलायचं राहिलं. राहिलं कसलं, फोनच्या आड लपलो, हे खरं.

दीपालीचं डोकं मात्र चालू होतं. “टोकनं आपल्या इथून गेली, पण मेसेज लोकायच्या फोनात आहेत ना,” ती म्हणाली. “मी फाटकावर जाऊन उतरवून आणते.” आणि रजिस्टर घेऊन निघालीसुद्धा.

दुपारी दीडला सुखदेवभाऊंचा फोन आला. “सर, पोरीनं सकायपासून पाणी नाई पेलं. तुमी तरी येऊन सांगा.” मी गेलो. फाटकापासून थेट रस्त्याच्या वळणापर्यंत गाड्या. ट्रॅक्टर, छोटे टेम्पो, दोन बैलबंड्या. नंबर गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं आणि जो तो आपणच पहिला म्हणत होता. दीपाली एकेका गाडीपाशी जाऊन म्हणत होती, “काका, मेसेज दाखवा बरं. हाव, शंभर सत्तावीस. लिहून घेतलं.” एकजण मोठ्यानं ओरडला, “ह्याच पोरीनं पुसले म्हणते सारे! शिकून आली का नाचून आली?” लोक हसले. चार पावलांवर सुखदेवभाऊ पाठीवर गाठोडं घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. दीपालीनंही ऐकलं. ती त्याच माणसाजवळ गेली आणि म्हणाली, “काका, तुमचा मेसेज दाखवा.”

तिथंच ओरडून सांगायला हवं होतं की पुसणारा मी आहे. पण लोक मला ‘सर’ म्हणत होते, सचिव माझ्यासाठी खुर्ची मागवत होते. माझ्याकडे कोणी बोट दाखवत नव्हतं आणि दाखवणारही नव्हतं. पंकज सरांची चूक असेल असं त्या गर्दीत कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं आणि हमालाच्या पोरीची असेल हे सगळ्यांना लगेच पटलं होतं. मला ते कळत होतं. कळूनही मी त्या खुर्चीवर बसलो.

संध्याकाळपर्यंत तिनं पाचशे सत्तर नंबर जमवले. उरलेल्यांचे फोन नंबर त्यांच्या गाववाल्यांकडून घेऊन, त्यांना फोन करून दुसऱ्या दिवशी. एकाही माणसाचा नंबर चुकला नाही. मंडीचं काम दीड दिवसात रुळावर आलं.

शुक्रवारी दुपारी गौरवचा कॉल. लॅपटॉप मधे ठेवून आम्ही दोघं समोर बसलो.

“शेवटचं रन कोणी केलं?” त्यांनी विचारलं.

“मी केलं सर,” दीपाली म्हणाली. “रोजच करते साडेनवाले. पण पत्त्याच्या जागी खऱ्या सर्व्हरचा पत्ता होता. तो मी नाई टाकला.”

“हिस्ट्री बघा ना मग.”

“आपल्या फुकटच्या प्लॅनमध्ये हिस्ट्री दिसत नाई सर.”

“पंकजजी?”

नोकरी गेली असती असंही नाही. फार तर गौरव दोन शब्द बोलले असते, मी चार दिवस तोंड पाडून बसलो असतो आणि विषय मिटला असता. एवढीशीच किंमत द्यायची होती. माझ्या तोंडून निघालं, “मग कोणी टाकला, दीपाली?”

हे मी विचारलं. मी, तिला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. खाली मालगाडी जात होती, ती पूर्ण निघून जाईपर्यंत पाहिलं. मग लॅपटॉपकडे वळून म्हणाली, “रन मी केलं सर. पत्ता पाहून कराले पाह्यजे होतं.”

त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. मीनाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. “मंग सांगून टाका ना जी. फोन उचलायचा अन् सांगायचं. तोंडाले काय फोड आले का?”

“तुले ऑफिसातलं काय समजते?” मी तिच्यावरच उखडलो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. मीनानं मला वाढून दिलं आणि स्वतः आत जाऊन बसली.

सोमवारी सांगू म्हणत सोमवार गेला. मग म्हटलं आठवडा सरू दे, गौरवचा राग उतरू दे. राग उतरल्यावर वाटलं, आता कशाला उकरायचं. डिसेंबरच्या वीस तारखेला नागपूरहून कागद आला की दीपालीचं कंत्राट पुढं वाढवलेलं नाही. कारण एका ओळीचं होतं: कामात निष्काळजीपणा. ते छापून तिच्या हातात मलाच द्यावं लागलं. तिनं वाचलं. बारीक अक्षरातलंही वाचलं. मग विचारलं, “कोणत्या तारखेपर्यंत येऊ, भाऊ?”

एकतीसपर्यंत आली. शेवटच्या दिवशी कामाची अकरा पानं लिहून माझ्या टेबलावर ठेवली. कोणता प्रश्न कशासाठी, कोणता चालवताना जपायचं, सगळं. “येते भाऊ,” म्हणाली आणि जिना उतरून गेली. सुखदेवभाऊ त्यानंतर टपरीवर भेटायचे. जयभीम करायचे, मात्र थांबायचे नाहीत.

याला दोन वर्षं झाली. गौरव बंगलोरला गेले. आता इथली माणसं ठेवायचा-काढायचा अधिकार माझ्याकडे आहे, म्हणजे मी म्हणायचो तसा मी खरोखरच शाखेचा प्रमुख झालो. गेल्या महिन्यात ढगवाल्यानं फुकटचा प्लॅन बंद केला आणि पुन्हा निवडायची वेळ आली. या वेळी कोणाला न विचारता मी पेटीवालं घेतलं. नवीन पोरांनी कारण विचारलं. मी म्हणालो, आपल्याकडे एकीनं पंधरा दिवस घालून तपासलंय. तिचं नाव सांगितलं. त्यांतल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही आणि शनिवारी मी सौंसरच्या बसमध्ये बसलो.

दीपालीचं लग्न होऊन ती बोरगावला असते, सौंसरला तहसीलसमोर ऑनलाइन सेंटर चालवते, एवढं मीनानं कुठूनसं कळवून घेतलं होतं. दुकान सापडायला वेळ लागला नाही. समोर सात-आठ माणसांची रांग, आत एक टेबल, कम्प्युटर, अंगठ्याचं यंत्र, आणि गिऱ्हाइकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची.

“अरे बापा, पंकजभाऊ!” ती खरंच हसली. “बसा ना. वहिनी कशा आहेत?”

मी बसलो. मीना बरी आहे म्हणालो. दुकान चांगलं चाललेलं दिसतंय म्हणालो. “हाव, गर्दी असते,” ती म्हणाली, आणि हातातला एका पोरीचा फॉर्म भरणं चालूच ठेवलं. रांगेतले लोक माझ्याकडे बघत होते, हा मधेच कोण घुसला म्हणून.

“दीपाली, ऑफिसात परत ये. आता माह्या हातात आहे. पहिल्या दिवसापासून पक्की नोकरी. तुह्याशिवाय ते काम कोणाले जमत नाई.”

“नाई जमन भाऊ. हे माहं सोताचं आहे आता.” तिनं फॉर्मची पुढची ओळ भरली. “पण तुमी इतक्या दूर आले, बरं वाटलं.”

एवढ्यावर उठलो असतो तर चाललं असतं. पण मी नोकरी द्यायला आलोच नव्हतो. बसमध्ये तासभर जे घोकलं होतं ते सगळं विसरलो आणि एकदम बोललो, “दीपाली, तो पत्ता मी बदलला होता.”

तिची बोटं ती ओळ संपेपर्यंत चालत राहिली. मग ती म्हणाली, “मालूम आहे मले.”

“केव्हापासून?”

“त्याच दिवसापासून. आदल्या दिवशी मी घरी निघून राहिली होती, तवा त्या पानावर तुमच्या नावाचा गोल दिसून राहिला होता. ‘पं’ लिहिलेला. जो पानावर असते त्याचा दिसते ना. म्हटलं, भाऊ पाहून राहिले असन काही.”

“मग गौरवले कावून नाई सांगितलं? मी तं तुलेच विचारलं होतं, सगळ्यायसमोर.”

“तोंडात आलं होतं. तुमी विचारलं तवाच आलं होतं.” तिनं प्रिंटरमधून कागद काढला, त्या पोरीला दिला, सही कुठं करायची ते दाखवलं. पोरगी गेली. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मंग म्हटलं, मी सांगण्यापेक्षा भाऊ सोताच सांगतीन. मोठे आहेत, त्यायच्याच तोंडून बरं दिसन. म्हून थांबली. कागद आला तवा बाबानं बी म्हटलं, अजून दहा दिवस आहेत, थांब. एकतीस तारखेपर्यंत थांबली मी, भाऊ.”

म्हणजे ती अकरा पानं ठेवून जिना उतरली, तोपर्यंत. मी रोज समोरच्या टेबलावर बसत होतो आणि ती रोज वाट बघत होती. चाळीस दिवस. मी तिला सकाळी ‘काय वो दीपाली’ म्हणत होतो, तिच्या डब्यातलं लोणचं खात होतो.

“माफ कर,” मी म्हणालो.

“आता त्याचं काय भाऊ,” ती म्हणाली. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही.

दारातून काठी टेकत एक म्हातारी आत आली. रांगेतलं कोणी म्हणालं, मनकर्णा आजीचा नंबर आहे, मघापासून उभी आहे. दीपालीनं अंगठ्याचं यंत्र ओढून जवळ घेतलं.

“भाऊ, जरा उठता का?” ती म्हणाली. “आजीले बसू द्या.”

मी उठलो. आजी बसली. तिचा अंगठा उमटत नव्हता, शेतातल्या कामानं रेषाच गेल्या होत्या. दीपालीनं ओढणीच्या टोकानं तो पुसला, थोडं पाणी लावलं, पुन्हा पुसला आणि आपल्या हातानं यंत्रावर दाबून धरला. “होईन आजी, घाई नाई,” ती म्हणत होती. मी दारात उभा होतो. रांगेतल्या माणसांना आत यायला माझी अडचण होत होती, म्हणून मी पायरी उतरलो.